शाही मेजवानीचा फोटो कसा वाचायचा

युरोपातल्या कुठल्याही राजवाड्यात मेजवानी झाली की माझी भाची आधी गाऊन बघते आणि तो कुणी शिवला ते शोधत बसते. मी म्हणते, गाऊन राहू दे, आधी खांदा बघ.

छातीवरून तिरका गेलेला रेशमी पट्टा म्हणजे सर्वोच्च किताबाची खूण. परदेशी पाहुणे आले की यजमान सहसा पाहुण्यांच्या देशाचा पट्टा घालतात आणि पाहुणे यजमानांच्या. नवख्यांची गल्लत इथेच होते. त्यात डेन्मार्कचा ‘एलिफंट’ आणि स्वीडनचा ‘सेराफिम’, दोन्ही पट्टे फिकट निळे! मग ओळखायचं कसं? एलिफंटचा पट्टा डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे येतो, सेराफिमचा उजव्यावरून डावीकडे. शंका उरलीच तर फोटो मोठा करून कमरेशी बघा: पाठीवर बुरूज घेतलेला पांढरा मिन्याचा हत्ती लटकत असेल तर डेन्मार्क. (हत्ती डाव्या कमरेला दिसला तर बहुधा कुणीतरी फोटोच उलटा छापलाय.) ब्रिटनचा गडद निळा ‘गार्टर’ही डाव्या खांद्यावरूनच.

मग स्त्रियांच्या डाव्या खांद्याजवळ रेशमी बो शोधा. त्यावर हिऱ्यांच्या चौकटीत राजाचं किंवा राणीचं चिमुकलं चित्र असतं. हा घरचा मान, राजाच्या मर्जीने मिळणारा. एलिझाबेथ राणीच्या चित्राची फीत पिवळी होती, चार्ल्स यांची फिकट निळी आहे. घरात कुणाचं वजन किती, हे मला डोक्यावरच्या रत्नजडित टिआऱ्यापेक्षा या बोवरून जास्त कळतं.

टिआरा संध्याकाळचा, आणि रिवाजाने विवाहितांचा. मुकुटाची गोष्टच वेगळी. युरोपात आता राज्याभिषेकात राजाच्या डोक्यावर मुकुट चढतो तो फक्त ब्रिटनमध्ये. २०२३ साली चार्ल्स यांच्या डोक्यावर ठेवलेला सेंट एडवर्ड मुकुट दोन किलोंहून जड आहे. नेदरलँड्समध्ये २०१३ साली मुकुट नुसता टेबलावर मांडला होता. डेन्मार्कमध्ये २०२४ साली तोही नव्हता. पंतप्रधानांनी बाल्कनीतून नव्या राजाची घोषणा केली, झालं.

सरावाला १० डिसेंबरचा स्टॉकहोममधला नोबेल सोहळा उत्तम, थेट प्रक्षेपणही असतं. सोहळा दुपारी चारला, तरी टिआरे असतात; तिथे त्या दिवसांत सूर्य तीनच्या आधीच मावळतो. स्वीडनच्या राणी सिल्व्हिया दिसल्या की पॉज करा आणि पट्टा कुठल्या खांद्यावर आहे ते बघा.