भिजून काळी पडलेली वैरण जनावरांना घालू नका

कोवळ्या ज्वारीची किराळ, म्हणजे विषबाधा, लागली की जनावर डोळ्यांदेखत कोसळतं, म्हणून तिला सगळेच भितात. बुरशीचं विष मात्र बहुतेक वेळा सावकाश भिनतं. गाय चारा टाकते, दूध तुटतं, वासरू खुरटतं, कधी गाभण म्हैस गाभडते. आपण जंताला, हवेला दोष देतो. गव्हाणीतल्या काळ्या पेंढीकडे लक्षच जात नाही.

मराठवाड्यात परतीचा पाऊस नेमका खरिपाच्या काढणीत गाठतो. भिजलेला कडबा, सरमाड किंवा सोयाबीनचं भुसकट तसंच रचलं की गंजी आतून तापते आणि बुरशी धरते. ऊन दिलं की बुरशी वाळते, झटकली की दिसेनाशीही होते. पण तिनं सोडलेलं विष चाऱ्यातच राहतं. म्हणून कुबट वासाची, काळी-हिरवी वैरण चांगल्या वैरणीत मिसळून संपवू नका. उन्हाळ्यात वैरणीचे किती हाल होतात हे ठाऊक असूनही सांगतो, ती उकिरड्यात टाका. बैलाला चालतंय म्हणून त्याच्यापुढेही नको.

सर्वांत जपायचं ते पेंड आणि मक्याला. भुईमूग पेंड, सरकी पेंड, ओला साठवलेला मका यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तयार होतं आणि ते यकृत खराब करतं. दुभत्या जनावरानं ते खाल्लं की दिवसभरात त्याचा अंश दुधात उतरतो. दूध उकळून तो जात नाही आणि तेच दूध घरातली लेकरं पितात. दुधात त्याची कायदेशीर मर्यादा किलोमागे फक्त ०.५ मायक्रोग्रॅम आहे. तेव्हा मका दाताखाली कडक वाजेपर्यंत वाळवा, पोती भिंतीपासून दूर फळ्यांवर ठेवा आणि पेंड लागेल तेवढीच आणा. गाठी झालेली पेंड स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

बाजरीच्या कणसावर फुलोऱ्यात मधासारखे चिकट थेंब दिसले असतील तर तो अरगट, म्हणजे बुरशीचा रोग. पुढे दाण्याच्या जागी येणाऱ्या काळपट गाठी विषारी असतात. अशी कणसं वेचून नष्ट केल्याशिवाय त्या रानात शेळ्या सोडू नका.

जनावर सुस्त दिसलं, डोळे पिवळे पडले, तर आधी संशयित चारा पूर्ण बंद करा. या विषावर हमखास उतारा नाही. जनावरांच्या डॉक्टरांसाठीच्या १९६२ या नंबरवर फोन करा, आणि तो चारा मूठभर कागदी पिशवीत जपून ठेवा. डॉक्टरांना तो बघावा लागेल.