लहान समाजातील स्त्री मंडळाचे काम: नव्याने येणाऱ्यांसाठी काही अनुभव

ठाणे-मुंबई परिसरातील बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी (ज्यू) समाजाच्या एका स्त्री मंडळात मी अनेक वर्षे काम करीत आले आहे आणि त्यातील बराच काळ चिटणीस म्हणून गेला आहे. मंडळात नव्याने येणाऱ्यांत कोणी आईच्या किंवा सासूच्या आग्रहाने आलेली असते, कोणी लग्न होऊन या गावात आलेली सून असते, तर एखादी समाजकार्याची विद्यार्थिनी क्षेत्रकार्यासाठी आलेली असते. या सर्वजणी पहिल्या काही आठवड्यांत साधारण तेच प्रश्न विचारतात, म्हणून जे तोंडी सांगत आले ते इथे सविस्तर लिहून ठेवते आहे.

आपला समाज किती लहान आहे, हे आधी नीट लक्षात घ्यावे. देशातील सर्व यहुदी मिळून आज जेमतेम काही हजार आहेत आणि त्यांतील बहुसंख्य ठाणे-मुंबईच्या पट्ट्यात राहतात. पेणकर, चेऊलकर, नागावकर अशी आडनावे ज्या गावांची साक्ष देतात, त्या कोकणातील गावांत आता थोडी घरे उरली आहेत. १९४८ नंतर निम्म्याहून अधिक समाज टप्प्याटप्प्याने इस्रायलला गेला आणि लोद, अश्दोद, बेरशेबा, दिमोना या शहरांत स्थिरावला. मागे राहिलेल्यांत प्रत्येकजण दुसऱ्याचा या ना त्या नात्याने कोणीतरी लागतोच. सभेत शेजारी बसलेली बाई तुमच्या नणंदेची मावससासू निघते आणि ज्या घरी मदत पोहोचवायची त्या घरातील मुलगा तुमच्या भाचीसाठी सांगून आलेला असतो. अशा ठिकाणी पुढारीपणाची पहिली कसोटी एकच, ती म्हणजे तुमच्या कानावर आलेली गोष्ट तुमच्यापाशीच राहते की नाही. उत्तम वक्त्या आणि कामसू बायका आम्हाला नेहमी मिळत आल्या; ज्यांच्याकडे मन मोकळे करता येईल अशा मोजक्याच मिळाल्या आणि मंडळ टिकले ते त्यांच्यामुळे.

मदतीचे काम आम्ही कसे करतो, ते या दृष्टीने पाहावे. औषधांचा खर्च, शाळेची फी, घरभाडे थकणे, एकट्या वृद्धेला दवाखान्यात नेणे, अशी कामे बारमाही असतात. पूर्वी हे अर्ज कार्यकारिणीसमोर नावानिशी येत आणि त्यावर चर्चा होई. आता अर्ज फक्त दोघीजणी पाहतात, त्यांपैकी एक शक्यतो त्या कुटुंबाच्या नात्यातली नसते. कार्यकारिणीपुढे क्रमांक, गरजेचे स्वरूप आणि रक्कम एवढेच ठेवले जाते. औषधाचे पैसे थेट दुकानदाराला आणि फी थेट शाळेला दिली जाते, त्यामुळे कोणाला हात पसरावा लागत नाही आणि हिशेबाला पक्की पावतीही मिळते. बाराव्या शतकातील धर्मपंडित मैमोनिडीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांत देणारा आणि घेणारा दोघांनाही एकमेकांचे नाव ठाऊक नसणे ही फार वरची पायरी आहे आणि त्याच्याही वर, सर्वांत शेवटी, माणसाला स्वतःच्या पायावर उभे करणे आहे. नव्या कार्यकर्त्यांनी या शेवटच्या पायरीचा विचार पहिल्या भेटीपासूनच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नवऱ्याच्या आजारपणामुळे घर चालवण्याची वेळ आलेल्या बाईला दरमहा किराणा भरून देणे सोपे असते. तिला काय येते, ती घराबाहेर किती तास पडू शकते, तोवर मुलांकडे कोण बघेल, हे बसून विचारणे अवघड असते आणि त्याला महिने लागतात. पण किराणा थांबवता येतो तो दुसऱ्या मार्गानेच.

भेटीला जाताना दोघींनी जावे, एकीने बोलावे आणि दुसरीने घर पाहावे. पाहावे म्हणजे टेहळणी करावी असे नव्हे. गोळ्यांची पाकिटे संपत आली आहेत का, स्वयंपाकघरात आज काही शिजले आहे का, न्हाणीघरात धरायला कठडा आहे का, हे म्हातारी माणसे आपणहून सांगत नाहीत. अलिबाग-रेवदंड्याकडच्या वृद्धांना भेटायला आम्ही भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला उतरून जातो. तिथे पहिला तासभर नुसत्या गप्पांत जाऊ द्यावा लागतो. कोण कोणाची लेक, कोणाचे तेलाचे घाणे कुठे होते, इस्रायलहून नातवाचा फोन शेवटचा कधी आला होता, हे सारे झाल्यावर मग गुडघ्याचे दुखणे निघते. हा तास वाया गेला असे मानणाऱ्या मुलीला मी त्या कामावर पाठवीत नाही.

आता ज्या कामाबद्दल नव्या मुली विचारायलाही कचरतात, त्याविषयी थोडे अधिक लिहिते. समाजातील स्त्री वारली की तिला शेवटची आंघोळ घालण्याचे काम, म्हणजे तहारा, स्त्रियांनीच करायचे असते. दफन शक्य तितक्या लवकर व्हावे असा आपला धर्म सांगतो, त्यामुळे फोन आला की हातातले काम टाकून निघावे लागते. देह पूर्ण वेळ चादरीखाली झाकलेला असतो आणि जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडा केला जातो. आधी डोके, मग उजवी बाजू, मग डावी. देहाच्या वरून कोणतीही वस्तू एकीकडून दुसरीकडे द्यायची नाही, हवी असल्यास वळसा घालून द्यायची. अनावश्यक बोलायचे नाही. शेवटी पाण्याची धार मध्ये खंड न पडू देता डोक्यापासून ओतायची, आणि ती अखंड राहावी म्हणून पहिलीची बादली संपण्याआधीच दुसरीने आपली कलती करायची असते. हे दोघींच्या हातांना एकत्र साधावे लागते. नंतर पांढरे सुती वस्त्र नेसवायचे, ज्याला खिसा नसतो आणि शिवताना दोऱ्याला गाठ मारलेली नसते. सर्व झाल्यावर तिला नावाने हाक मारून, आमच्याकडून काही उणे राहिले असेल तर क्षमा कर, असे म्हणायचे.

हे काम पुस्तकातून येत नाही. ज्यांना ते नीट येते त्या बहुतेकजणी सत्तरी ओलांडलेल्या आहेत आणि त्यांना आता वाकणे, बादली उचलणे जमत नाही. म्हणून आम्ही असा नियम केला की प्रत्येक वेळी एक जाणती, दोन सराव झालेल्या आणि एक नवी असावी. नवीने पहिल्या वेळी फक्त पाणी भरून द्यावे आणि पाहावे. वस्त्रांचे दोन-तीन संच शिवून तयार ठेवलेले असतात, आणि ते शिवायला बसण्याच्या दुपारी नव्या मुलींना आवर्जून बोलावले जाते, कारण त्या दुपारी म्हाताऱ्या जे सांगतात ते प्रत्यक्ष वेळी सांगायला उसंत नसते. सात दिवसांच्या शोकाच्या काळात घरातल्यांनी स्वयंपाक करायचा नसतो आणि दफनानंतरचे पहिले जेवण दुसऱ्यांनी आणून द्यायचे असते. तो डबा कोणी कोणत्या दिवशी द्यायचा, याची वाटणीही स्त्री मंडळाकडेच असते. समाजसेवेचा विचार करताना शिबिरे आणि कार्यक्रम आधी डोळ्यांपुढे येतात; माझ्या मते मंडळाचा प्राण इथे आहे.

सणांच्या स्वयंपाकाला मात्र कमी लेखू नये. प्रेषित एलियाहू हानाबींच्या नावाने मलिदा हा प्रसाद करायचा असतो तेव्हा भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, सुकामेवा आणि फळे यांचे प्रमाण शंभर-दीडशे माणसांसाठी बसवणे, शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिनाच्या, किद्दुश या आशीर्वादविधीसाठी काळ्या मनुका भिजवून, पिळून सरबत गाळणे, रोश हशाना या नववर्षाच्या सणाला नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा तासन्‌तास न थांबता घोटत राहणे, या कामांत कोणाला काम वाटून देता येते आणि कोण सगळे स्वतःच करीत सुटते ते चटकन कळते. पुढच्या वर्षीची चिटणीस आम्ही बहुधा या मुदपाकखान्यातच हेरून ठेवतो.

आपल्या आधीच्या स्त्रियांविषयी थोडी माहिती प्रत्येकीला असावी, कारण त्यांच्या कामातून आजही पद्धत शिकता येते. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत सुरू केलेल्या आणि पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या शाळेचे मुख्याध्यापकपद रिबेका रूबेन यांनी १९२२ पासून जवळजवळ तीन दशके सांभाळले. डॉ. जेरुशा झिराड यांचे उदाहरण तर मी प्रत्येक नव्या गटाला देते. १८९० साली शिवमोग्याला जन्मलेल्या झिराड यांनी १९१९ साली लंडनमध्ये प्रसूतिशास्त्र आणि स्त्रीरोग या विषयांत एम. डी. केले, १९२८ ते १९४७ मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा वाहिली आणि १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९२५ साली मुंबईत ज्युईश रिलिजस युनियन या उदारमतवादी यहुदी धर्मसंस्थेची स्थापना होण्यात त्यांचा मोठा वाटा होता, म्हणजे धर्माच्या क्षेत्रातही त्या मागे बसल्या नाहीत. मला त्यांच्यातले सर्वांत अनुकरणीय वाटते ते हे, की मुंबईतील बाळंतिणी का मरतात याचा त्यांनी आधी पद्धतशीर शोध घेतला. उपाय सुचवण्याआधी कारणे मोजायची, ही शिस्त चाळीस घरांच्या मंडळालाही लागू पडते. आपल्याकडे एकट्या राहणाऱ्या वृद्धा किती, कोणाच्या घरी लिफ्ट नाही, कोणाचे मूल परदेशी आहे, याची यादी आम्ही केली तेव्हाच औषधवाटपापेक्षा दवाखान्यात सोबत नेणारी माणसे कमी पडत आहेत, हे दिसून आले.

कागदपत्रांचा कंटाळा करून चालणार नाही. मंडळ संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदवायचे तर किमान सात सदस्य लागतात आणि महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद होते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. हे राहून गेले की बँकेतील सह्यांपासून पुढची प्रत्येक गोष्ट अडते आणि मग जुन्या कार्यकारिणीतील, एव्हाना परदेशी गेलेल्या, बाईंच्या सहीसाठी धावाधाव सुरू होते. त्याहून नाजूक बाब परदेशातून येणाऱ्या पैशांची आहे. इस्रायलमधील आत्या-मावश्या मोठ्या प्रेमाने मंडळासाठी देणगी पाठवू इच्छितात. परंतु ज्यांनी तिथले नागरिकत्व घेतले आहे त्यांची देणगी, त्या मूळच्या कितीही आपल्या असल्या तरी, कायद्याने विदेशी अंशदान ठरते. त्यासाठी स्वतंत्र नोंदणी आणि दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेत खाते लागते. ती नोंदणी नसेल तर नम्रपणे नाही म्हणावे आणि त्या मायेला दुसरी वाट द्यावी. आमच्याकडे लोद आणि अश्दोदमधील काहीजणी इथल्या मुलींना दूरध्वनीवरून हिब्रू शिकवतात. घड्याळाचा फरक उन्हाळ्यात अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन तासांचा असतो, तेवढा सांभाळला की झाले.

२०१६ साली महाराष्ट्र शासनाने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याचीही नेमकी माहिती ठेवावी. हा दर्जा राज्यापुरता आहे. केंद्राने अधिसूचित केलेल्या सहा समाजांत आपला समावेश नाही, त्यामुळे शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देताना योजना राज्याची की केंद्राची, हे पाहूनच पालकांना आशा दाखवावी.

मंडळाने समाजाबाहेर काम करावे की नाही, यावर आमच्याकडे दर काही वर्षांनी वाद होतो. आपलेच पुरत नाहीत तर बाहेर कशाला, असे म्हणणाऱ्या बायका कंजूष नसतात. त्यांनी निधीची चणचण जवळून पाहिलेली असते, म्हणून त्यांचे म्हणणे पूर्ण ऐकावे. माझे मत मात्र बाहेर जाण्याच्या बाजूचे आहे. शतकानुशतके आपण कोकणात आणि मग मुंबईत शेजाऱ्यांच्या आधाराने निर्धास्त राहिलो, आणि आपली माणसे इतकी थोडी आहेत की रक्तदान असो की दवाखान्यातली रात्रीची सोबत, वेळेला धावून येतो तो शेजारीच. म्हणून ॲनिमिया तपासणीचे शिबिर भरवताना आम्ही ते वस्तीतील सर्व बायकांसाठी खुले ठेवतो, तारीख शनिवार टाळून रविवारची धरतो, आणि हिमोग्लोबिन कमी निघालेल्या बाईला दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बोलावण्याची जबाबदारी शिबिराच्या आधीच कोणाच्या तरी नावावर लिहितो.

पद सोडण्याचा विचार पद घेतानाच करावा. आमच्याकडे चिटणीस सलग दोन कार्यकाळांहून अधिक काळ राहत नाही आणि जाणारीने येणारीबरोबर सहा महिने काम करायचे असते. हिशेबाची वही, पावत्या, घरांची यादी, तहाऱ्यासाठी बोलवायच्या स्त्रियांचे क्रमांक आणि वस्त्रांच्या कपाटाची किल्ली या गोष्टी सभेत सर्वांसमोर सुपूर्द होतात. मदत घेणाऱ्यांची नावे असलेली वही तेवढी सभेत आणली जात नाही. ती जुन्या चिटणीसबाई नव्या चिटणीसबाईंच्या घरी स्वतः नेऊन देतात, आणि त्यातील प्रत्येक घराविषयी जे कागदावर नाही ते बसून सांगतात.