एकट्याने स्पॅनिश शिकताय? या चुका टाळा

क्रियापदांचे तक्ते पाठ आहेत, गाळलेल्या जागा बरोबर भरता येतात, आणि तरी कोणी समोर येऊन साधं 'काल काय केलंत?' विचारलं की दातखीळ बसते. माझं दीड वर्ष असंच गेलं. हे रडगाणं ऐकवलं की लोक लगेच सांगतात, 'व्याकरण सोड, सिनेमे बघ.' मला ते पटत नाही. घोकायला हवंच, आपण घोकतो ती पद्धत चुकते.

तक्त्याचंच घ्या, 'बोलणं' या क्रियापदाचा. आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. पाढ्यासारखं म्हटलं की पाढ्यासारखंच डोक्यात बसतं. 'ते बोलतात' म्हणायचं तर मनातल्या मनात पहिल्या रूपापासून सहाव्यापर्यंत चालत जावं लागतं. मी यावर फासा वापरते. एक म्हणजे मी, दोन म्हणजे तू, असं सहापर्यंत. फासा टाकायचा, पडेल त्या पुरुषाचं रूप मोठ्याने म्हणायचं आणि त्याला लगेच दोन-तीन शब्द जोडून वाक्य करायचं. लॅटिन अमेरिकेतली स्पॅनिश शिकत असाल तर पाच पडल्यावर पुन्हा टाका, कारण 'बोसोत्रोस' (तुम्ही सगळे) तिकडच्या रोजच्या बोलण्यात नाही, ते स्पेनचं. काळही मिसळा. एकाच काळाची वीस वाक्यं सलग सोडवली की पहिल्या तीननंतर डोकं झोपतं आणि हात चालत राहतो.

नियमित क्रियापदं संपल्यावर अनियमितांकडे वळू, हाही एक भ्रम. सेर आणि एस्तार (दोन्ही 'असणं'), इर (जाणं), तेनेर (जवळ असणं), आसेर (करणं) ही सगळी अनियमित, आणि दर दुसऱ्या वाक्यात तीच लागतात. पहिल्या आठवड्यापासून फाशावर तीच घ्या.

आता सगळ्यात महागात पडलेली चूक. बहुतेक पुस्तकं इंग्रजीतून असतात, म्हणून आपण मराठीतून इंग्रजीत आणि तिथून स्पॅनिशमध्ये जातो. या वळशात इंग्रजी माणसाच्या अडचणी आपण फुकट विकत घेतो. 'मे गुस्तान लोस लिब्रोस' हे वाक्य त्याला उलटं वाटतं, म्हणून पुस्तक त्यावर चार पानं खर्च करतं. आपल्यासाठी ते सरळ 'मला पुस्तकं आवडतात' आहे: आवडणारी गोष्ट कर्ता, पुस्तकं अनेक म्हणून क्रियापदही अनेकवचनी. माणसापुढे येणारा तो चमत्कारिक 'आ' घ्या. 'बेओ ला कासा', पण 'बेओ आ मि एर्मानो'. मराठीत बघा: मी घर पाहते, पण भावाला पाहते. आपला 'ला' बहुतेक वेळा नेमका तिथेच येतो.

भूतकाळात तर मी महिनोन्महिने अडकले होते. 'नादे' आणि 'नादाबा' यांतला फरक सांगायला पुस्तकात रेघा, ठिपके, बाण काढलेले. शेवटी लक्षात आलं की 'नादे' म्हणजे मी पोहले, आणि 'नादाबा' म्हणजे मी पोहत होते किंवा लहानपणी पोहायचे. 'साबीआ' आणि 'सुपे' ही एकाच क्रियापदाची रूपं, पुस्तक म्हणतं इथे अर्थ बदलतो. मला माहीत होतं, मला कळलं. झालं. 'किएरो के बेंगास' ऐकून घाबरू नका, 'तू यावंस' मधला 'यावंस' तोच.

उच्चारातही इंग्रजी मध्ये येते. त आणि द दातांना जीभ लावूनच म्हणायचे, ट-ड नाहीत. स्पॅनिश 'तू' हा आपलाच 'तू'.

मराठी दगा देते ती 'आहे' पाशी. आपल्याकडे एकच 'आहे', तिकडे सेर आणि एस्तार. कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार, हा नियम वहीतून खोडून टाका. मेलेल्या माणसाला 'एस्ता मुएर्तो' म्हणतात, आणि मरण काही तात्पुरतं नसतं. उलट समारंभ दोन तासांचा असला तरी तो कुठे आहे हे सांगायला 'एस', म्हणजे सेरचं रूप, लागतं. वस्तू कुठे आहे याला मात्र एस्तार. इथे नियमापेक्षा जोड्या पाठ करा: 'एस आबुर्रिदो' म्हणजे तो कंटाळवाणा आहे, 'एस्ता आबुर्रिदो' म्हणजे तो कंटाळलाय. मी एकदा स्वतःची ओळख करून देताना एस्तारऐवजी सेर वापरलं होतं. समोरच्या बाईंनी सभ्यपणे मान डोलावली.

लिंगाचं थोडक्यात: सुटा शब्द कधीच लिहू नका, 'एल' (पुल्लिंगी) किंवा 'ला' (स्त्रीलिंगी) लावूनच लिहा. 'ला मानो', 'एल प्रोब्लेमा', 'एल दीआ' यांचा शेवट फसवा आहे: 'ओ' असून स्त्रीलिंगी, 'आ' असून पुल्लिंगी.

आणि उत्तर चुकलं की लाल पेनाने नुसतं रूप दुरुस्त करून पान उलटू नका. पूर्ण वाक्य मोठ्याने तीनदा म्हणा, मग तेच क्रियापद दुसऱ्या दिवशी फाशाला लावा.