रोजच्यासाठी फ्रुटी फ्लोरल परफ्यूम घेताय? आधी दुकानातून बाहेर पडा

माझा पहिला फ्रुटी फ्लोरल, म्हणजे फळं-फुलांच्या वासाचा परफ्यूम, मी दोन मिनिटांत घेतला होता, कागदाच्या पट्टीवर पेअरचा असा रसरशीत वास आला की लगेच कार्ड काढलं. घरी पोचेपर्यंत पेअर गायब, उरली ती नुसती गोडमिट्ट मस्क (कस्तुरीसारखा वास) आणि संध्याकाळभर डोकेदुखी.

होतं काय, पेअर, सफरचंद, लिंबू-संत्रं हे सगळे हलके वास, वीस-पंचवीस मिनिटांत उडतात. दिवसभर तुमच्यासोबत राहतं ते मधल्या थरातलं फूल आणि खालच्या थरातली मस्क किंवा लाकूड, आणि दुकानात आपण नेमकं तेच हुंगत नाही. म्हणून टेस्टर मनगटावर एकदाच मारा, घासू नका, आणि सरळ बाहेर जा, चहा प्या, भाजी घ्या, तासाभराने परत वास घ्या. तेव्हाही आवडला तर घ्या. एका वेळी दोनच, एका हाताला एक, तिसऱ्यानंतर नाकाला काही कळत नाही (कॉफीच्या बिया हुंगायला देतात त्याचा मला तरी उपयोग झाला नाही, स्वतःच्या बाहीचा वास घेतलेला बरा).

उदाहरण म्हणून २००६ चा व्हर्साचेचा ब्राइट क्रिस्टल बघा. सुरुवातीला युझू (लिंबासारखं जपानी फळ) आणि डाळिंब, मग पिओनी (गुलाबासारखं भरगच्च फूल), मॅग्नोलिया, कमळ, खाली मस्क-अंबर. ऑफिसला चालेल असा मऊ वास, पण डाळिंबासाठी घेणार असाल तर नका घेऊ, खरा मुक्काम पिओनीचाच. फळ जरा टिकायला हवं असेल तर पीचवाले शोधा, पीचचा वास देणारं लॅक्टोन नावाचं रसायन जड असतं म्हणून रेंगाळतं. आणि हो, पेअर असो की पिओनी, हे वास लॅबमध्येच जुळवतात, त्यात फसवणूक काही नाही, पिओनीच्या फुलातून अत्तर सहसा काढलं जात नाही.

ईडीटी (ओ द त्वालेत) की ईडीपी (ओ द पार्फम)? ईडीपीत साधारणपणे सुगंधी तेल जास्त, त्यामुळे टिकतो जास्त, पण मे महिन्यात मुंबईच्या लोकलमध्ये गोड ईडीपीचे चार स्प्रे म्हणजे शेजारणीवर अन्याय. उन्हाळ्यात ईडीटी, दोन स्प्रे, बास.

लावायचा आंघोळीनंतर, वास नसलेलं मॉइश्चरायझर लावून मग, कोरड्या त्वचेवर लवकर उडतो. एक मानेच्या मागे, एक कुर्त्याला आतून. सिल्कवर मारू नका, डाग पडतो, आणि मोत्यांचे दागिने परफ्यूम वाळल्यावरच घाला, अल्कोहोलने मोत्याची चमक जाते. माझ्या आईची मोत्यांची कुडी मीच अशी निस्तेज केलीये, अजून ऐकून घेते. डोक्यात मोगऱ्याचा गजरा असेल त्या दिवशी परफ्यूम नकोच, दोन्ही भांडतात.

बाटली बाथरूममध्ये किंवा खिडकीत नको, ऊन आणि दमटपणाने वास बिघडतो, कपाटात खोक्यातच ठेवा. पहिल्यांदा ३० एमएलच घ्या. दुपारी तुम्हाला स्वतःला वास येईनासा झाला म्हणून परत फवारू नका, नाक सवयीचं झालेलं असतं, आधी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला विचारा, तिला अजून येत असतो.