मोटरहोमची फायबर बॉडी पांढुरकी पडलीये? पेंटरला विचारायच्या आधी हे करून बघा

बॉडीवरून हात फिरवला आणि तळव्याला पांढरी पावडर लागली की बऱ्याच जणांना वाटतं संपलं, आता अख्खी गाडी पेंट करावी लागणार, आणि एवढ्या मोठ्या गाडीला पीयू (पॉलियुरेथेन) पेंट मारायचा म्हणजे खर्च काही थोडाथोडका नाही. थांबा जरा. ती पावडर म्हणजे वरचा उन्हाने मेलेला थर आहे, त्याच्या खालचं मटेरियल बहुतेक वेळा शाबूत असतं. मेलेला थर नीट काढायचा आणि खालच्याला परत ऊन खाऊ द्यायचं नाही, काम एवढंच आहे, फक्त ते क्रमाने आणि शांतपणे करावं लागतं.

फायबरच्या वर जेलकोट असतो, म्हणजे रंग मिसळलेलं पॉलिएस्टर रेझिन, साधारण अर्धा मिलिमीटर जाड. उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेटने हे रेझिन तुटत जातं, पृष्ठभाग बारीक खडबडीत होतो, प्रकाश सरळ परत येत नाही म्हणून चमक गेल्यासारखी दिसते. कारच्या क्लिअर कोटपेक्षा (रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा) जेलकोट खूपच जाड असतो त्यामुळे घासायला वाव आहे, पण दरवेळी घासाल तेवढा तो कायमचा कमी होतो हे डोक्यात ठेवा.

आधी तुमची बॉडी नक्की कशाची आहे ते बघा. आपल्याकडे फोर्स ट्रॅव्हलर व्हॅनवर बनवलेली गाडी असेल तर मूळ बॉडी पत्र्याची, आणि फायबरचे भाग असले तरी त्यावर बरेचदा पेंट मारलेला असतो. चुंबक चिकटलं तर पत्रा, सोपं आहे. फायबर असेल आणि वरचा पारदर्शक थर कांद्याच्या सालीसारखा सुटत असेल तर तो पेंट आहे, तिथे रबिंग करून काहीही होणार नाही, तो भाग पेंटच करायला लागतो. जेलकोट असेल तर एक साधी टेस्ट, पांढुरका भाग पाण्याने ओला करा, ओला असेपर्यंत रंग खुलून दिसला तर समजा पॉलिशने काम होणार.

आणि भेगा बघा, विशेषतः खिडक्यांचे कोपरे, छताची कड, छतावरच्या हवेच्या झरोक्याच्या (व्हेंट) भोवती. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा असतील किंवा सांध्यांत भरलेलं सीलंट फाटलं असेल तर आधी ते दुरुस्त करा. पुण्याच्या पावसात चार महिने पाणी आत मुरत राहिलं तर आतलं प्लायवूड कुजतं, मग बाहेरून कितीही चमकवा. भोसरी एमआयडीसीच्या बाजूला फायबरचं काम करणारी वर्कशॉप आहेत, तिथून जेलकोट भरून घ्या.

सामान: बफिंग मशीन (स्पीड कमी-जास्त करता येणारं), लोकरीचे दोन-तीन पॅड, फोमचे दोन, जेलकोटला चालणारं रबिंग कंपाउंड, बारीक पॉलिश, वॅक्स किंवा पॉलिमर सीलंट (हे वरून लावायचं संरक्षक पॉलिश, सांध्यांतलं सीलंट वेगळं), १०००, १५०० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर), मास्किंग टेप आणि भरपूर मायक्रोफायबर फडकी. वॉटर पेपर, टेप वगैरे रविवार पेठेत बोहरी आळीत मिळून जातं, गाडीचं कंपाउंड-पॉलिश नाना पेठेत बघा. एक कळकळीची विनंती, शिडीऐवजी पेंटर वापरतात तो घोडा (वर उभं राहायचा चार पायांचा स्टँड) आणा, कारण मशीन दोन्ही हातांनी धरायचं असतं आणि शिडीवर उभं राहून ते होत नाही. मशीनसाठी चांगल्या जाडीची, अर्थिंग असलेली तीन पिनची एक्स्टेंशन वायर घ्या आणि ती ओल्या फरशीवर पडू देऊ नका.

दिवस कुठला निवडायचा तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. एप्रिल-मेमध्ये बॉडी इतकी तापते की कंपाउंड लावल्या लावल्या वाळून चिकटतं. हिवाळ्यातसुद्धा सावलीची बाजू करा, ऊन फिरलं की तुम्ही पण बाजू बदला. शेजारी बांधकाम चालू असेल (वाघोली, हिंजवडीवाल्यांना हे सांगायला नको) तर धूळ कमी असते अशी सकाळची वेळ धरा, कारण पॅडखाली एक खडा आला तरी गोल ओरखडे उठतात.

धुणं हे अर्धं काम आहे आणि लोक तेच घाईत उरकतात. छतापासून सुरुवात, कारण बाजूला जे काळे ओघळ दिसतात ते वरूनच येतात. छतावर चढू नका, सगळी छतं वजन पेलणारी नसतात, लांब दांड्याचा मऊ ब्रश घ्या. पहिल्या धुण्याला भांडी घासायचं लिक्विड चालतं, जुनं वॅक्स निघून जातं, पण नंतरच्या नेहमीच्या धुण्याला ते वापरू नका. प्रेशर जेट खिडकीच्या रबरावर, फ्रिजच्या बाहेरच्या हवेच्या जाळीवर आणि सांध्यांवर मारायचा नाही. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर ते अंगावरच वाळू देऊ नका, क्षाराचे पांढरे डाग बसतात, शेवटचं पाणी शक्यतो नळाचं घ्या आणि लगेच पुसा. गंजाचे पिवळे डाग असतील तर ऑक्झॅलिक अॅसिडवाला क्लीनर, ग्लोव्हज घालून, आणि नंतर भरपूर पाण्याने धुवायचं.

मग टेप लावा. रबर, स्टिकरच्या कडा, हँडल, लाइट, आणि सगळ्यात महत्त्वाचं खिडक्या. मोटरहोमच्या खिडक्या बरेचदा काचेच्या नसून अॅक्रिलिकच्या असतात, त्यांच्यावर कंपाउंड गेलं तर ओरखडे आणि थिनर किंवा अॅसिटोन गेलं तर बारीक तडे, आणि ती खिडकी बदलणं महागात पडतं.

आता एक छोटा तुकडा धरा, मागच्या बाजूचा खालचा, आणि तिथे फक्त कंपाउंड मारून बघा. चमक आली तर वॉटर पेपरला हातच लावू नका. नाही आली तरच १०००, मग १५००, मग २०००, रबरी ब्लॉकला पेपर गुंडाळून, साबणाच्या पाण्यात सारखा बुडवत, हलक्या हाताने. कडा आणि कोपरे सोडा, तिथे जेलकोट पातळ असतो आणि एकदा का फायबरचे धागे दिसले की विषय पॉलिशचा राहत नाही.

कंपाउंड करताना दोन बाय दोन फुटांचा तुकडा घ्या. चार-पाच ठिपके, मशीन बंद असतानाच पॅडने पसरवा, मग कमी स्पीडला सुरू करून १२०० ते १५०० आरपीएमपर्यंत न्या, त्याच्यावर गरज नसते. पॅड सपाट, मशीन सतत सरकवत राहायचं, आधी आडवं मग उभं, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढलेला. मधून मधून हात लावून बघा, चटका बसण्याइतकं गरम झालं तर थांबा, एका जागी मशीन धरून ठेवलं की जेलकोट पिवळा पडतो. लोकरीचा पॅड पावडरने लगेच भरतो, तो दर दोन-तीन तुकड्यांनी साफ करा, नाहीतर तुम्ही काढलेली घाणच परत घासत बसाल. वायर खांद्यावरून मागे टाका म्हणजे पॅडमध्ये अडकत नाही. मास्क आणि गॉगल घाला, ही पावडर नाकात जाता कामा नये.

कंपाउंडनंतर जी चमक दिसते तिच्यावर लगेच विश्वास ठेवू नका, त्यातलं तेल खोटी चमक देतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून एक हात पुसा (खिडक्या सोडून), मग उरेल ते खरं. ओरखडे दिसले तर परत कंपाउंड, नाहीतर फोमच्या पॅडने बारीक पॉलिश. वीस फुटी गाडीला एका माणसाला दोन-तीन वीकएंड लागतात, घाई नको, एक बाजू पूर्ण करून तिला वॅक्स लावूनच पुढची घ्या, कारण नुसता घासलेला जेलकोट उघडा सोडला की ऊन परत खायला लागतं.

वॅक्स की सीलंट? कार्नुबा वॅक्सची झळाळी सुंदर असते पण आपल्या उन्हात ते लवकर उडतं, मी पॉलिमर सीलंटच्या बाजूने आहे. पातळ थर, पहिला डब्यावर लिहिलेल्या वेळेइतका बसू द्या, मग दुसरा. वर्षातून दोनदा लावायचं, एकदा होळीच्या आसपास उन्हाळा सुरू व्हायच्या आधी आणि एकदा पाऊस संपल्यावर.

फरशीला लावायचं अॅक्रिलिक पॉलिश चार-पाच हात मारून एका दुपारी गाडी चमकवणारे पण आहेत. दिसते खरंच छान. पण ऊन-पावसात तो थर पिवळा पडतो, पापुद्रे सुटतात आणि मग अमोनियावाल्या स्ट्रिपरने खरवडून काढत बसायचं, म्हणजे ज्या मेहनतीला टाळलं तीच दुप्पट. गाडी लवकर विकायची नसेल तर नका करू. तसंच धुण्यावाल्याने सिलिकॉनवालं डॅशबोर्ड पॉलिश बॉडीला पुसू देऊ नका, पुढे कधी पेंट मारायची वेळ आली तर सिलिकॉनमुळे पेंटला डोळे (छोटे गोल खड्डे) पडतात.

पार्किंगला सावली नसेल तर कव्हर घ्या, पण हवा खेळती राहील असं कापडी, घट्ट बांधता येणारं. प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली पावसाळ्यात ओल कोंडून शेवाळ धरतं, आणि वाऱ्याने ती फडफडली की सगळी मेहनत तीच घासून काढते.