बीएसएफ (ब्लॅक सोल्जर फ्लाय) अळी पाळताय? निदान उन्हाळ्यात तरी या चुका टाळा

दर आठ-पंधरा दिवसांनी फोन ठरलेला, "दादा, अळ्या क्रेट सोडून पळायल्यात, काय करू?" मी विचारतो काल खायला किती टाकलं, उत्तर पण ठरलेलं, पाटीभर.

ब्लॅक सोल्जर फ्लाय म्हणजे एक काळी माशी, तिची सडका भाजीपाला खाणारी अळी वाळवली की साधारण ४० टक्के प्रोटीन, कोंबडीला, माशाला एक नंबर. पण हजारो अळ्या एकत्र खात असल्या की क्रेट आतून तापतो, हे व्हिडिओवाले सांगत नाहीत. मी स्वतः केलंय हे येडेपण. मे महिना, सोलापुरात ४३ डिग्री, डोक्यावर पत्र्याचं शेड, आणि भाजीवाल्याकडनं फुकटात मिळालेले सडके टोमॅटो, म्हटलं फुकटचं आहे तर टाका, वीतभर थर लावला आणि भाकरी खायला घरी गेलो. आलो तर अळ्या भिंतीवर, दारात, माझ्या चपलेत, आणि ज्या पळाल्या नाहीत त्या तळाशी शिजलेल्या. शेजारचा नाक दाबून विचारतोय, "काय बे, काय मेलंय?"

टोमॅटोत पाणीच जास्त, त्यात ऊन, म्हणजे दोन्हीकडनं मार. तेव्हापासून थर चार बोटांच्या वर जाऊ देत नाही. रोज दुपारी क्रेटमध्ये हात घालतो, गरम लागला की लगेच दोन क्रेटमध्ये वाटून टाकतो. थर्मामीटर आणलाय, पण हाताएवढा विश्वास नाही त्याच्यावर. खाद्य मुठीत दाबायचं, पाणी गळलं की गव्हाचा कोंडा मिसळायचा, नुसतं ओलसर लागलं म्हणजे बस्स.

मुंग्या: रॅकचे पाय पाण्याच्या वाटीत, संपला विषय.

फवारलेली भाजी, डाळिंबाची सालं वगैरे विचारल्याशिवाय घेऊ नका, किडीचं औषध आपल्या अळीलाही लागतंच की.

माशी ट्यूबलाइटखाली अंडी देईना म्हणून रडू नका, तिला जोडी जमायला ऊन लागतं. जाळीचा पिंजरा सकाळच्या उन्हात ठेवा आणि अंडी घालायला पुठ्ठ्याच्या फटी द्या, ओल्या खाद्यावर ती घालत नाही.

आणि घाईवाले. परवा एकजण पहिल्याच खेपेला १० ग्रॅम अंडी मागत होता. एका ग्रॅममध्ये तीस-चाळीस हजार अंडी असतात, म्हणजे तीन-चार लाख अळ्या, आणि याच्याकडं क्रेट होते दोन. मी एकच ग्रॅम दिला, तर रागावला, अजून फोन नाही.