कोकणचा रणजी संघ मागताय? या चुका टाळा

दिवाळी झाली, सड्यावर मैदानं आखली गेली की आमच्याकडे एक ठराव हमखास निघतो: कोकणाला वेगळा रणजी संघ द्या. त्या ठरावावर माझीही सही आहे, म्हणून हक्काने लिहितो.

आधी पत्ता तपासा. एमसीए दोन आहेत. ठाणे-पालघर मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे, तर रत्नागिरी-सिंधुदुर्ग पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे. आमचं पहिलं निवेदन आम्हीच भलत्या दारात टाकलं होतं!

आता मागणीचंच बघा. क्रिकेट मंडळाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या लोढा समितीचं ‘एक राज्य, एक मत’ (एका राज्यातून एकाच संघटनेला मंडळात मत) सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केलं आणि २०१८ मध्ये सोडून दिलं, म्हणून मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ असे तिघंही पूर्ण सदस्य म्हणून टिकले. त्यात चौथा कोण घेणार? आणि घेतलाच, तर रणजीचा साखळी सामना चार दिवसांचा. आपली पोरं रविवारी आठ षटकांची टेनिस बॉलची मॅच मारून घरी येतात.

दुखणं इथेच आहे. टेनिस बॉलला शिव्या देऊ नका, नजर आणि दंड त्यानेच तयार होतात. पण तो उंच उडतो, सावकाश येतो, आडवी बॅट चालून जाते. सीझन बॉलवर, म्हणजे चामड्याच्या कडक चेंडूवर, तोच फटका स्लिपमध्ये जातो. सावंतवाडीचा पोरगा रात्रभर एसटीत बसून चाचणीला पोचतो आणि नेटमधल्या दहा-बारा चेंडूंत त्याचा निकाल लागतो. तेव्हा संघ नको, दिवस मागा: रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग यांची आपसात दोन दिवसांच्या सामन्यांची लीग, आणि निवड तिथल्या धावा-बळी बघून. त्यासाठी जिल्ह्यात निदान एक धड टर्फ विकेट, म्हणजे मातीची पक्की खेळपट्टी, हवी. नुसत्या जांभ्याच्या भुकटीवर ती बसत नाही, चिकणमाती आणावी लागते.

रत्नागिरी जेट्सने २०२३ आणि २०२४ ची एमपीएल (महाराष्ट्र प्रीमियर लीग) जिंकली, आम्ही फटाके वाजवले. पण नाव आपलं, मैदान पुण्याजवळच्या गहुंज्याचं. तो करंडक जिल्ह्याच्या प्रगतिपुस्तकात लिहू नका.

जन्मदाखले नीट ठेवा. १६ वर्षांखालच्यांची वय ठरवायला हाडांची चाचणी होते, तिथे लबाडी उघडी पडते.

आणि वेळापत्रक लिहिताना शिमगा सोडा. पालखी घराशी यायच्या दिवशी तुमचा सलामीवीर खांदा द्यायला गेलेला असेल.